शेरा: निरंक

ता. ४ मे

साडूबुवांस नमस्कार.

टाइप केलेलं पत्र पाहून तुम्हाला नोटीस आल्यासारखं वाटेल, म्हणून हातानं लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर ताईंना वाचायला द्या. त्यांना माझं अक्षर लागतं, तुम्हाला कधीच लागलं नाही.

मुद्द्यावर येतो.

१. आपल्या धरणाला चौसष्ट वर्षं झाली. ते अजून किती भार सोसेल हे ठरवायला पाहणी समिती नेमली आहे. निवृत्त झालो असलो तरी अध्यक्ष मला केलं आहे.

२. प्रश्न एकच आहे. यंदा तलाव काठोकाठ भरू द्यायचा, की वरचे तीन मीटर रिकामे ठेवायचे? रिकामे ठेवले तर शहराला वर्षभर दिवसाआड पाणी. भरू दिला आणि भिंत आतून पोखरलेली निघाली, तर काय होईल ते पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू!

३. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते निवळ असेल तर काळजी नाही. गढूळ असेल तर पाण्याबरोबर पोटातली माती चालली आहे. तुम्ही एकतीस वर्षं पायथ्याच्या खाचेवर मोजणी केलीत. रजिस्टरात पाणी किती झिरपलं ते रोजच्या रोज आहे. कसं झिरपलं, ते शेऱ्याच्या रकान्यात हवं होतं. पहिल्या दहा वर्षांची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. उरलेल्या एकवीस वर्षांत तिथे पानंच्या पानं एकच शब्द आहे: निरंक.

४. तुमच्याकडे एक निळी वही असायची. ती हवी आहे. अहवाल ३० जूनला द्यायचा आहे.

तुमची मेहुणी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्यापेक्षा तीच जास्त कुरकुरते.

तुमचा,
साडू


ता. ९ मे

अध्यक्षमहाराज,

पत्र पोचलं. वहीबाबत इकडून कळवायचं ते असं:

निरंक.

कळावे.


ता. १४ मे

साडूबुवा,

हा काय पोरकटपणा? दोघांचं वय मिळवलं तर दीडशेच्या जवळ जातं. मी माझ्यासाठी मागतो आहे का? राग कशाचा आहे तो तरी सांगा. साडूसाडूंत भांडण व्हायला जे जे लागतं, म्हणजे सासऱ्यांचं घर, घड्याळ, शिवणयंत्र, ते सगळं मेहुण्यानं केव्हाच नेलं. आपल्यात भांडायला काही उरलेलं नाही.

खाली धाकटीनं चार ओळी लिहिल्या आहेत.

*भावजी, वही द्या हो. हे रोज सकाळी पेपरआधी टपाल बघतात. लग्नाआधी माझ्या पत्रासाठीसुद्धा असे दारात उभे राहिले नव्हते. ताईला म्हणावं, तुझं लोणी लावणं कमी पडतंय. — धाकटी*


ता. २० मे

साडूबुवा,

राग कशाचा म्हणून विचारता. ठीक आहे. मोठं पत्र लिहितो, चष्मा पुसून घ्या.

धरणातून पहिलं पाणी सोडलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या शाळेची मुलं तिथे रांगेत उभी करून त्यांच्याकडून पाण्यावरची कविता म्हणून घेतली होती. मास्तर पट्टीनं स्वतःच्या मांडीवर ठेका धरत होते, लघूला हळू, गुरूला जोरात. दरवाजा उचलला आणि पाण्याचा आवाज असा काही आला की आमची कविता त्यात बुडून गेली. मास्तरांची पट्टी मात्र चालूच होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात पाणी आणि ठेका यांची जी गाठ बसली, ती आजतागायत सुटलेली नाही. पुढे नोकरीही त्याच भिंतीखाली लागली. माझ्यासारखा भाग्यवान कोण, असं वाटायचं. म्हणजे तुमची बदली होऊन इथे येईपर्यंत वाटायचं.

लोखंडी पट्टीतली ती खाच, तिच्यामागची हौदी, खाचेतून पडणारी बोटभर धार. किती पाणी पडलं ते मी मोजून लिहायचो. कसं पडलं ते शेऱ्यात दोन ओळींत बांधायचो. हे काही सरकारी काम नव्हतं, पण शेऱ्याचा रकाना चांगला चार बोटं रुंद होता. रिकामा ठेवायला जीव धजावायचा नाही.

आणि मग तुम्ही आलात. नवा साहेब, आणि त्याच वर्षी नवा साडू. चहाच्या वेळी माझं रजिस्टर उघडून सगळ्या कचेरीसमोर माझ्या ओळी मोठ्यानं वाचल्यात. टेबलावर बोटांनी तबला वाजवलात. ड्राफ्ट्समन हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मग तुम्ही तांबड्या शाईनं लिहिलंत: "शेऱ्यात कविता नको. विशेष काही नसल्यास निरंक लिहावे." खाली सही. ती सही अजून आहे, बघा रजिस्टरात.

तर मी निरंक लिहिलं. पुढची एकवीस वर्षं. आज्ञाधारक माणूस आहे मी. आणि घरी येऊन निळ्या वहीत माझ्या दोन ओळी लिहीत राहिलो.

आता खरं सांगतो. तुमची खुर्ची, गाडी, दुसऱ्या मजल्यावरची ती गॅलरी आणि तिथली डुलती खुर्ची यांनी माझ्या पोटात दुखत होतंच. नाही म्हणालो तर तुमच्या ताई मागून खोकतील. पण ते सोसण्यासारखं होतं. गेल्या महिन्यात पेपरात तुमचा फोटो आला, "धरणाची नाडी जाणणारे तज्ज्ञ." आणि तुम्ही भिंतीच्या दगडांवर तळवा ठेवून उभे! माझ्या भिंतीवर! एकतीस वर्षं तिच्या पायाशी मी बसलो आणि नाडी जाणली तुम्ही? परक्या माणसानं आपल्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढावा, तसं वाटलं मला. तो पेपर तुमच्या ताईंनी कपाटात अंथरायला घेतला, तर मी तो उलटा अंथरला.

वही मिळणार नाही. पण तुम्ही "कविता हव्यात" म्हणालात (म्हणाला नाहीत, मला माहीत आहे, पण अर्थ तोच), तेव्हा बऱ्यापैकी साधलेल्या सव्वीस निवडून तारखांसह उतरवून देतो आहे. तलाव उन्हाळ्यात खाली गेल्यावरच्या अशा:

तळे गेले खोल खाली, काठ पडले उघडे;
खाचेतुनी काचेवाणी थेंबामागे थेंब पडे.

आणि भरल्यावरच्या अशा:

तळे भरे काठोकाठ, वारा पाण्यावर फिरे;
पायथ्याच्या खाचेतुनी आज चांदणे पाझरे.

वाचा. टेबल जवळ असेल तर तबलाही वाजवा.

तुमचा,
साडू


ता. २८ मे

साडूबुवा,

तबला वाजवला नाही. सव्वीसच्या सव्वीस कविता तारखांप्रमाणे लावून तलावाच्या पातळीशी ताडून पाहिल्या. तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय पाठवलंत!

पातळी खाली असताना पाणी "काचेवाणी", म्हणजे निवळ. तलाव काठोकाठ भरल्याच्या अकरा नोंदी आहेत आणि अकराही ठिकाणी "चांदणे" आहे, म्हणजे काचेहूनही निवळ. पूर्ण भार असताना स्वच्छ पाणी! याहून चांगला पुरावा कुठल्या यंत्रानं दिला असता? रजिस्टरातल्या निरंकाशीही तो जुळतो. म्हणजे तेव्हाचा निरंक बरोबरच होता.

मसुदा तयार केला आहे: "तलाव पूर्ण पातळीपर्यंत भरण्यास हरकत नाही." तुमच्या ओळींचा उल्लेख परिशिष्टात करतो आहे. समितीतले दोघे म्हणाले, कवितेचा उल्लेख नको, लोक हसतील. मी म्हटलं, परिशिष्ट कोण वाचतंय!

राग गेला असेल तर कळवा.

तुमचा,
साडू


ता. १७ जून

साडूबुवा,

हे पत्र वीस दिवस उशिरा लिहितो आहे. का, ते आधी सांगतो. तुम्ही मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा.

तुमचं पत्र आलं. "चांदणे म्हणजे काचेहूनही निवळ" हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनदा हसलो. पहिल्यांदा हळू, तिसऱ्यांदा एवढ्यानं की तुमच्या ताई आतून म्हणाल्या, "काय हो, पेन्शन वाढली की काय?" मी "काही नाही" म्हणालो आणि पत्र घड्याळाखाली सरकवलं.

माझ्या पोटातलं बरंच जुनं दुखणं त्या दिवशी थांबलं. साहेब चुकला होता. लाल शाईवाला, तबला वाजवणारा साहेब. आणि चुकला तोही कुठे, तर माझ्या शब्दावर. मला वाटलं, आता छापू दे. नंतर कधीतरी चारचौघांत हळूच सांगू, "साडूबुवा, चांदणं म्हणजे काय ते विचारलं असतंत तर!" ते वाक्य मी दाढी करताना आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं. छान जमलं होतं.

पाण्याचा विचार त्या दिवसांत मनात आला नाही असं नाही. यायचा. मी त्याला म्हणायचो, अध्यक्ष आहेत ना, बघतील.

परवा तुमच्या ताईंनी घड्याळाला किल्ली द्यायला ते उचललं.

"हे काय? धाकटीकडचं पत्र, आणि मला दाखवलं नाहीत?"

"साडूंचं आहे. सरकारी."

"सरकारी पत्राला तुम्ही हसत होतात?" त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग खाली बसल्या आणि पुन्हा वाचलं. "चांदणं म्हणजे निवळ? हे कुणी सांगितलं ह्यांना?"

"कुणी नाही. त्यांनीच काढला अर्थ. मोठे लोक."

"मग तुम्ही उलट लिहिलंत की नाही?"

मी घड्याळाची किल्ली उचलून पुसायला लागलो.

"तुमची ती चांदणी कविता ज्या दिवशी व्हायची ना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या विजारीच्या मोहऱ्या पांढऱ्या चिखलानं माखून यायच्या. साबण लावा, घासा, आपटा, निघता निघायचा नाही. तुम्ही आपले खिडकीत बसून 'चांदणे पाझरे' आणि मी मोरीत बसून ते चांदणं धुतेय! तुम्हाला वाटलं मला कळत नव्हतं चांदणं म्हणजे काय?"

मी म्हणालो, "त्यांनी माझी थट्टा केली होती."

"केली. मग? त्यांची थट्टा करायला सगळं गाव वाहून जायला हवं का? धाकटी त्या गॅलरीत बसून सुखानं राहील, कारण ती डोंगरावर आहे. वाहून जाऊ ते आपण. एवढा कसला मेला हेवा, की स्वतःच्याच घरात पाणी शिरलं तरी चालेल?"

साडूबुवा, एकवीस वर्षं निरंक लिहूनही मला कधी एवढं रिकामं वाटलं नव्हतं.

काल सकाळी उठून खाचेवर गेलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. तिथे आता माणूस बसत नाही, यंत्र बसवलंय. ते धारेची उंची मोजतं आणि आपोआप कचेरीत पाठवतं. शेराही आपोआप जातो. तुम्ही ओळखला असेलच कुठला. यंत्राला डोळे नाहीत हो. मग हौदीशेजारी गुडघाभर उंच एक ढीग दिसला, वर गवत उगवलेला. पांढऱ्या मातीचा. पिठासारखी मऊ.

पहारेकऱ्याला विचारलं, "हे काय?"

"तळं भरलेलं असलं की हौदीत साठतं. यंत्र तुंबतं म्हणून आठवड्याला दोन घमेली उपसून टाकतो."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि आजोबा, हौदी साफ ठेवायची एवढंच माझं काम. बघा की, कशी लख्ख आहे."

खरंच लख्ख होती. मी त्याला काय बोलणार? तो हौदी साफ करत होता, तुमच्या ताई विजार साफ करत होत्या, आणि मी वहीत वृत्त साफ करत होतो.

म्हणून आता साध्या गद्यात लिहितो. माझ्या वहीत "काचेवाणी" म्हणजे निवळ. "चांदणे" म्हणजे दुधाळ, पांढरट, गढूळ. तलाव काठोकाठ भरला की दर वेळी पाण्याबरोबर माती येत होती. पहिल्यांदा ते पांढरं पाणी पाहिलं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं. "गढूळ" हा शब्द मनात आला होता. तो ओळीत बसत होता, पण कानाला बोचला, म्हणून सोडला. ही माझी चूक. तुमच्या तांबड्या शाईच्या आधीची आहे, ती तुमच्या नावावर लिहू नका.

आज सकाळी फोन केला होता. धाकटीनं उचलला. "काय भावजी, सगळं बरं ना?" म्हणाली. "बरं आहे" म्हणून ठेवून दिला. तुमच्या बायकोसमोर हे बोलायची लाज वाटली. दुपारच्या बसचा कंडक्टर ओळखीचा आहे. त्याच्या हाती हे पत्र, कागदात बांधलेली मूठभर पांढरी माती आणि निळी वही पाठवतो आहे. मूळ वही. साधलेल्या, न साधलेल्या, सगळ्या ओळींसकट.

तलाव भरू देऊ नका.

तुमचा


ता. ६ जुलै

साडूबुवा,

वही त्याच संध्याकाळी मिळाली. दुसऱ्या दिवशी मी धरणावर होतो. तुमच्या घरावरून गेलो पण थांबलो नाही. ताईंना सांगा, तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

भिंतीत चार ठिकाणी बोअर घेतले. तिसऱ्यात, डाव्या अंगाला, माझं मनगट जाईल एवढी पोकळी लागली. वरचे तीन मीटर रिकामे ठेवायचा आदेश निघाला आहे. पायथ्याशी वाळू आणि खडीचे थर देऊन गाळणी बांधायची. पाणी बाहेर यावं, माती आत राहावी. सात-आठ महिन्यांचं काम आहे. तोवर शहर दिवसाआडच्या पाण्यावर मला शिव्या घालील. पेपरात पुन्हा फोटो आला आहे. या वेळी तो उलटा अंथरायची गरज नाही, मथळाच तसा आहे.

आता माझं ऐका. तुम्ही गद्यात लिहिलंत, मलाही लिहिलं पाहिजे.

"चांदणे" वाचल्यावर तुम्हाला एक फोन करून विचारता आलं असतं. नाही विचारलं. मला तो शब्द निवळच हवा होता. तो निवळ ठरला की माझी लाल शाई बरोबर ठरत होती. मी शेरा बंद केला नसता तर तुम्ही अकरा वेळा जे पाहिलंत ते रजिस्टरात राहिलं असतं. कुणी ना कुणी विचारलं असतं, बाबा रे, चांदणं म्हणजे काय?

आणि तो तबला. तेही सांगून टाकतो. लग्नाला तीन महिने झाले होते. धाकटी कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणायची. "तळे भरे काठोकाठ." रोज. मी विचारलं, कुठलं गाणं? म्हणाली, "भावजींचं. ताईनं पत्रातून लिहून पाठवलंय. किती गोड आहे, नाही?" मी शिकलेला, साहेब, नवा नवरा. माझं एकही वाक्य तिनं कधी गुणगुणलं नव्हतं. माझी वाक्यं गुणगुणण्यासारखी नसतातच, त्यांना नंबर असतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुमचं रजिस्टर मागवलं. वाटलं, कचेरी हसली की संपेल.

कचेरी हसली. धाकटी अजून गुणगुणते. हे पत्र लिहितानासुद्धा आतून ऐकू येतंय.

अहवाल सोबत आहे. तुम्ही पान एकेचाळीस आधी उघडाल, म्हणून तिथे खूण ठेवली आहे.

तुमचा,
साडू


ता. १९ जुलै

साडूबुवा,

पान एकेचाळीस पाहिलं. तुमचं नाव पहिल्या पानावर ठळक, आणि मी अकरा नंबरच्या तळटीपेत. भिंग लावून वाचलं. "चांदणे: (स्थानिक मोजणीदाराचा शब्द) गढूळ, दुधाळ स्राव, माती वाहत असल्याचे चिन्ह." स्थानिक! बाकी आयुष्यात पहिल्यांदा छापून आलो, तोही अर्थासकट. कवीच्या हयातीत त्याचा अर्थ लागणं ही साधी गोष्ट नाही.

ती पत्रातली ओळ मला माहीत नव्हती. तुमच्या ताईंना विचारलं, "तुम्ही माझी कविता धाकटीला पाठवत होतात?" म्हणाल्या, "मग काय, तुमच्याकडून आणखी काय पाठवण्यासारखं होतं?"

म्हणजे एवढी वर्षं मी तुमच्या गॅलरीवर जळत होतो आणि तुम्ही गॅलरीत बसून माझ्यावर. आधी कळलं असतं तर किती आनंदात जळलो असतो हो!

इथे दिवसाआड पाणी आहे. तुमच्या ताई बादल्या भरताना तुमचं नाव घेतात, माझं घेतात, मग पुन्हा तुमचं. अजून समसमान आहे.

तुमचा,
साडू


ता. १२ सप्टेंबर, पुढचं वर्ष

साडूबुवा,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कचेरीनं मला बोलावलं. गाळणी झाल्यावर तलाव पहिल्यांदाच काठोकाठ भरला आहे. यंत्र आहे, पण शेरा माणसानं लिहावा असं तुम्ही ठरवून घेतलंत, त्याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही. मानले तर तुम्ही ते परिशिष्टात घालाल.

नवं रजिस्टर आहे. शेऱ्याचा रकाना आता सहा बोटं रुंद केलाय. (हे तुमचंच काम. ओळखलं.) सकाळी सात वाजता हौदीपाशी बसलो. पहारेकरी काचेचा पेला घेऊन आला. मी तो खाचेखाली धरला, भरला, उन्हात उभा धरून पाहिला. मग मुद्दाम विजार न गुंडाळता हौदीत उतरलो, ढवळाढवळ केली, पुन्हा पेला भरला. पुन्हा पाहिला.

समोर सहा बोटं कोरी जागा, हातात पेन, वर काठोकाठ तळं, त्यावर वारा. आपल्याला ठाऊक आहे त्या वेळी माझं काय होतं ते. पहिला चरण आला होता. आठ अक्षरं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मी तो परत पाठवला.

लिहिलं: निरंक.

एकवीस वर्षं तोच शब्द लिहिला, पण आज पहिल्यांदा पेला पाहून लिहिला.

तुमच्या समितीचा माझ्या शब्दांवर भरवसा नसेल, आणि नसावाच, म्हणून घरी आल्यावर विजार तपासणीसाठी सादर केली. तपासनीस बाईंनी दोन्ही मोहऱ्या उजेडात उलटसुलट करून पाहिल्या, वास घेतला, नखानं खरवडल्या. दाखला सोबत जोडला आहे.

*मोहऱ्या ओल्या आहेत. स्वच्छ आहेत. तळं राहू द्या भरलेलं. — ताई*